जतच्या चुलतीची खुशाली

आमच्या गल्लीतला नाथाजी काय करतो असं परगावच्या कुणी विचारलं, तर लोक आधी हसायचे आणि मग सांगायचे, "ऐकतो." तसं त्याचं दुकान होतं. सांगलीच्या हळद पेठेमागं, जिथं भिंतींनाही पिवळी झाक आलेली असते तिथं, दोन खणांच्या जागेत पुढं दुकान आणि मागं बिऱ्हाड. पाटीवर 'येथे रेडिओ दुरुस्त करून मिळतील' असं ठळक लिहिलेलं. पण रेडिओ बिघडायला आधी लोकांकडं असावे तरी लागतात. एकोणीसशे एकोणपन्नास साली आमच्या गल्लीत ते होते दोन. एक समोरच्या आप्पासोंकडं, आणि दुसरा नाथाजीनं स्वतः लष्कराच्या मोडीतून उभा केलेला, जो रेडिओसारखा मुळीच दिसत नसे. त्यामुळं कानांवर हेडफोन चढवून बसायला नाथाजीला मुबलक सवड मिळे. त्याची बायको राहीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "परमुलखातलं समदं ऐकू येतंय त्यास्नी. चुलीपास्नं हाक मारली की तेवढी येत न्हाई."

हे ऐकायचं वेड त्याला लढाईनं लावलं. आसामच्या जंगलात तो सिग्नलमध्ये होता. लढाई संपल्यावर हवालदार होऊन परत आला, तेव्हा थोरला भाऊ हंबीरराव यानं कऱ्हाडखालच्या गावी त्याच्यासाठी उसाचा एक तुकडा नांगरून ठेवला होता. नाथाजी तो तुकडा बघून आला, चांगला आहे म्हणाला, आणि सांगलीत दुकान काढून बसला. हंबीररावाला याचा उलगडा कधीच झाला नाही. एकोणपन्नासच्या पावसाळ्यात दिल्लीहून हौशी प्रक्षेपणाचा परवाना आला, म्हणजे आता नाथाजीला नुसतं ऐकायचंच नव्हे तर तारऑफिसासारखी टिकटिक करून बोलायचंही सरकारनं मोकळं केलं, तेव्हा हंबीररावानं तो कागद उलटा-सुलटा बघितला, शिक्का निरखला आणि पगार किती असं विचारलं. पगार नाही, हे कळल्यावर त्यानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला की पगार नसलेल्या कामाला सरकार परवानगी कशाला देतं, ते तर कुणीही करतंच.

शेवटी दोघां भावांत ठरलं ते असं. नाथाजी म्हणत होता, की आपला आवाज समुद्रापार जातो आणि तिकडचा इकडं येतो. तर तो तिकडचा आवाज हंबीररावानं एकदा स्वतःच्या कानानं ऐकायचा. ऐकला, तर नाथाजी सांगलीत खुशाल राहील. संक्रांतीपर्यंत नाही ऐकला, तर छपरापासून चिंचेपर्यंत ताणलेली ती तार उतरवायची आणि गुऱ्हाळाला गावी यायचं, ते परत न जाण्यासाठी.

हे सोपं होतं, पण सोप्या गोष्टीत नाथाजीचं मन रमत नसे. लहान लाटांवर त्याचं दूरदूर बोलणं होई. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थ नावाच्या गावात विल्यम म्हणून एक त्याच्यासारखाच रिकामटेकडा होता. आमची गल्ली त्याला विलूभाऊ म्हणे. त्या विलूभाऊनं कळवलं, की यंदा काही मंडळी लांब लाटांच्या पट्टीवर चाचण्या घेणार आहेत, येतोस का? लहान लाटा आभाळावर टप्पे खात जगभर हुंदडतात. ह्या लांब लाटा अंगानं जड. दिवसा त्या तासगावाच्याही पुढं जायला कुरकुरतात. दोन्हीकडं सूर्य बुडालेला असेल तेव्हाच काय ते. पर्थला आपल्याआधी अंधार पडतो, तेव्हा आपल्याकडची दिवेलागण ही वेळ ठरली. हंबीररावाला ऐकवायचं तर असं अवघडच काहीतरी ऐकवायचं, असं नाथाजीनं मनाशी घेतलं. राहीबाईचं म्हणणं पडलं, की नवऱ्याला सरळ वाट दाखवली तर तो आधी तिच्या कडेचं काटेरी कुंपण शोधतो.

आता या पट्टीवर जागा धरायची असते. बाजाराच्या दिवशी बायका पहाटे येऊन जागा धरतात तशी. तिथं आधीच पुष्कळ जण बसलेले. बंदरातल्या बोटी, कुठलं तरी लष्कर, कुठल्या तरी दीपस्तंभाचा खुणेचा सूर, वर ढगांची कडकड. त्यात एक अशी अरुंद जागा हुडकायची, की जिथं दिवेलागणीला कुणी नाही. मग ती जागा दोघांनी आधी ठरवायची, म्हणजे समोरचा नेमका तिथंच कान लावून बसतो. इतका क्षीण आवाज शोधत हिंडता येत नाही, त्याची वाटच बघावी लागते.

कार्तिकात नाथाजीनं ही पाहणी सुरू केली. यंत्राच्या काट्याखाली पुठ्ठा लावला आणि राहीबाईच्या करंड्यातून दोन बोटं हळदकुंकू उचललं. जिथं कुणी बसलेलं तिथं कुंकवाचा ठिपका, जिथं मोकळं तिथं हळदीचा. बसलेल्यांना त्यानं नावंही देऊन टाकली. एक बोट होती ती खोकणारी आत्या, एक लष्करी यंत्र होतं ते मुकादम, आणि रोज थोडं थोडं सरकणारा एक सूर होता, त्याला तो तलाठी म्हणे. सातआठ दिवसांत पुठ्ठा देवीच्या टाकासारखा लाल झाला. पण मुकादम आणि आत्याच्या मधे एक हळदीचा ठिपका टिकून राहिला. रोज बघावं तर तिथं चिडीचूप. नाथाजी दुकानात आलेल्याला ती शांतता हेडफोन लावून ऐकवी आणि वर विचारी, "कशी हाय?" बिचारे काय सांगणार? चांगली आहे म्हणायचे.

ती जागा त्यानं विमानाच्या टपालानं विलूभाऊला कळवली. विलूभाऊनं ती आपल्या मंडळींत छापून वाटली आणि मार्गशीर्षातल्या तीन संध्याकाळी ठरवून टाकल्या. आता ब्रह्मदेव आला तरी जागा बदलायची नव्हती, कारण विलूभाऊला लहान लाटांवर सांगितलं, तरी त्याच्या विखुरलेल्या मंडळींना ते टपालानंच कळणार, आणि तेवढा वेळ उरलेलाच नव्हता.

आणि मग समोरच्या आप्पासोंचं सुतक फिटलं.

आप्पासो हळदीचे अडते. त्यांचे आटपाडीचे चुलते कार्तिकात वारले आणि घरात सुतक लागलं. सुतकात रेडिओ कोण लावतो? त्याच्यावर विणलेलं झाकण पडलं ते पडलंच. तेरावं झालं, तरी चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून आणखी काही दिवस ते तसंच राहिलं. नाथाजी कानांत शांतता भरून घेत होता ती नेमकी याच दिवसांत. ती आभाळातली शांतता होती असं त्याला वाटलं. ती आप्पासोंच्या चुलत्यांची होती.

झाकण निघालं त्या संध्याकाळी हळदीच्या ठिपक्यावर एक शिट्टी येऊन बसली. अशी तशी नव्हे, थेट मधोमध, मांडी घालून. आधी नाथाजीनं स्वतःच्या यंत्राचे सगळे खिळे पिळले. मग चिंचेवर चढून तार बघितली. मग त्याच्या ध्यानात आलं, की खिडकीतून कानडी गाणं ऐकू येऊ लागलं की शिट्टी येते आणि गाणं थांबलं की जाते. आप्पासोंची बायको चंद्राबाई जतच्या पलीकडची. घरात, अडतीत, शेजारात सगळी मराठी. दिवेलागणीला दक्षिणेचं एक स्टेशन अर्धा तास कानडी गाणी लावी, तेवढंच तिचं माहेर. त्या वेळी ती देवापुढं दिवा लावी आणि रेडिओशेजारी वाती वळत बसे.

नाथाजी आप्पासोंकडं गेला आणि त्यानं समजावून सांगितलं. गवई जसा गाण्याआधी तंबोऱ्याचा सूर धरतो तसा रेडिओ स्टेशन पकडायला आत एक स्वतःचा सूर धरतो. तो तुमच्या गच्चीवरच्या एरियलच्या जाळीतून थोडा बाहेर गळतो. स्टेशन बदललं की सूरही सरकतो. तेव्हा तीन संध्याकाळी दुसरं कुठलंही स्टेशन लावा, नाहीतर मी पेचकस आणून आतलं जरा फिरवतो.

आप्पासोंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ओट्यावर बसलेल्या चारपाच जणांकडं वळून म्हणाले, "बघा हं. मी गुपचाप बसून दुसऱ्याचं ऐकतोय. तर ह्यो म्हणतोय, तुमी ओरडताय."

ओटा हसला. रेडिओ ऐकतो, बोलत नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि पेचकसाचं नाव काढताच आप्पासोंचा चेहरा बदलला, कारण मागं एका कारागिरानं त्यांचं घड्याळ उघडलं होतं ते अजून डब्यात होतं. राहता राहिलं स्टेशन बदलणं. ते आप्पासोंच्या हातात नव्हतं. दिवेलागणीला रेडिओच्या खुंटीला हात लावायची त्यांच्याही मनगटात ताकद नव्हती, पण हे ओट्यावर कबूल कसं करणार?

यानंतर नाथाजीच्या वागण्यात एक फरक पडला. तो आप्पासोंच्या नातेवाइकांची चौकशी करू लागला.

जतला आप्पासोंच्या एक दूरच्या चुलत्या होत्या, बनुबाई. ऐंशीच्या पुढच्या, सारख्या आजारी आणि भावकीतल्या, म्हणजे सुतक लागणाऱ्या. त्या आहेत हे नाथाजीला कुठून कळलं कोण जाणे. पण सकाळी अडत उघडली की हा समोर उभा. आवं आप्पासो, जतच्या चुलतींचं कसं काय हाय? जेवण जातंय न्हवं? खोकला हाय का गेला? आप्पासोंना आधी भरून आलं. स्वतःची भावंडं विचारत नाहीत आणि हा परका माणूस विचारतोय. त्यांनी जतला पत्र धाडताना तसं आवर्जून लिहिलं. मी एकदा नाथाजीला म्हटलं, की हे काही बरं नव्हे. त्यावर तो म्हणाला, "मी मर म्हनतोय व्हय रं? नुसतं इचारतोय. इचारल्यानं माणूस मरत न्हाई गड्या, न्हाईतर आमचे पलटणीतले सुभेदार कवाच गेले असते."

पहिली संध्याकाळ आली. पलीकडं कानडी भजन सुरू झालं आणि ठिपक्यावर शिट्टी. नाथाजीनं आपली टिकटिक केली, कान दिला, शिट्टीशिवाय काही ऐकलं नाही. त्याच्या टिकटिकीबरोबर गल्लीतले दिवे मात्र मंद-प्रखर होत राहिले, तेवढंच गल्लीला समाधान.

दुसऱ्या दिवशी दुपारी जतकडच्या मोटारीतून बनुबाई उतरल्या.

हातात काठी, काखेत गाठोडं, बरोबर सोबतीला धुळा नावाचा एक धनगर. सांगलीत कुणीतरी आपली रोज खुशाली विचारतो हे पत्रातून वाचून दाखवल्यापासून म्हातारीनं अंथरूण सोडलं होतं. एवढी माया करणारा माणूस बघितल्याशिवाय मरायचं नाही असं तिनं ठरवलं आणि त्या ठरावानं तिची तब्येत फारच सुधारली. आप्पासो तिला घेऊन दुकानात आले तेव्हा नाथाजीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. राहीबाई आत पदर तोंडात कोंबून उभी.

त्या संध्याकाळी तर आणखी मजा. बनुबाईंनी जन्मात रेडिओ बघितला नव्हता. त्यांना तो इतका आवडला, की कानडी गाणी संपली तरी त्यांनी तो बंद करू दिला नाही. बातम्या, बाजारभाव, कुणा पुढाऱ्याचं भाषण, सगळं त्याच स्टेशनवर, सगळं कानडीत, जेवणं होईपर्यंत. शिट्टी हलली म्हणून नाही. नाथाजीनं हेडफोन काढून ठेवले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. गावी जायची तयारी म्हणून राहीबाईनं फळीवरची मोठी पातेली खाली काढून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई एकट्याच काठी टेकत दुकानात आल्या. ज्वारीचा हुरडा आणला होता. बसल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, खरं सांग. माझी चौकशी तू का करत हुतास?"

नाथाजीनं खोटं बोलायचा प्रयत्न केला असता, पण राहीबाई आतून आली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. शिट्टी, सुतक, भाऊ, संक्रांत, ऊस. एकही खडा न वगळता, आणि मला वाटतं थोडा आनंद घेत घेत.

म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला आणि खोकला काही थांबेना. नाथाजी ताडकन उठला, पाण्याचा तांब्या घेऊन आला, पाठ चोळू लागला. त्याचा चेहरा खरोखर पांढरा पडला होता. दोन आठवडे ज्याची वाट बघितली ते आता दुकानात घडतंय की काय, या भीतीनं.

खोकला ओसरल्यावर बनुबाईंनी डोळे पुसले. "म्हंजे मी मेले तर धा दिवस पेटी गप?"

"व्हय," नाथाजी खाली बघत म्हणाला.

"मग मरायची वाट कशाला बघतोस? जित्तीपनीच गप करते की तिला."

त्याच दिवशी हंबीरराव गुळाच्या गाड्या घेऊन सांगलीच्या बाजारात आला होता. संक्रांत लांब होती, पण आलोच आहे तर तार कशी उतरवायची ते बघून जाऊ, म्हणून तो संध्याकाळी गल्लीत शिरला. राहीबाईनं काढून ठेवलेली पातेली बघून तो खूश झाला. म्हणाला, चला, निम्मं काम झालं. मग दुकानाच्या पुढच्या फळीवर बसून राहिला, बाजारातल्यासारखा, समोरचा भावात किती उतरतो ते बघत.

दिवे लागले. पलीकडं चंद्राबाईनं निरांजन लावलं आणि खुंटीकडं हात नेला. तो बनुबाईंनी मधेच धरला. म्हणाल्या, त्या पेटीतली बाई सगळ्या मुलखासाठी गाते, मी तुझ्या एकटीसाठी गाते, बस इथं. जतकडं निम्मं बोलणं कानडीच, तेव्हा म्हातारीनं कानडीत जात्यावरची गाणी सुरू केली. चंद्राबाईच्या आईच्या तोंडी असत तशी, जी कुठल्याच स्टेशनला ठाऊक नव्हती. आप्पासो अडतीवरून आले, तर रेडिओवर झाकण, चुलती गातेय आणि बायको वाती तशाच टाकून डोळे मिटून बसलेली. चप्पल काढली आणि तेही बसले.

इकडं हळदीच्या ठिपक्यावर चिडीचूप. नाथाजीनं टिकटिक केली, थांबला. पुन्हा केली, थांबला. मग त्याची पाठ एकदम ताठ झाली. एक हेडफोन त्यानं कानाला धरला आणि दुसरा भावाच्या कानावर दाबला.

हंबीररावानं बराच वेळ डोळे बारीक करून ऐकलं. "रातकिडा हाय," तो म्हणाला.

"विलूभाऊ हाय. आपलं नाव घेतोय. त्याच्याकडं साडेआठ वाजल्यात म्हनतोय."

हंबीररावानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सहा वाजले होते. घड्याळ बिघडलेल्या माणसाशी बोलायला एवढी तार कशाला, असं त्यानं विचारलं. मग म्हणाला, की ही किरकीर समुद्रापारची कशावरून? शेजारच्या घरातली असेल.

"दादा, शेजारच्या घरातलं बंद केलंय म्हनून तर ही आली."

हंबीरराव उसाचा शेतकरी. पाण्याच्या पाळीवरून त्यानं आयुष्यभर भांडणं केलेली. तो उठला, गल्ली ओलांडून आप्पासोंच्या दारात गेला आणि पेटी घटकाभर सुरू करा म्हणाला. परत येऊन हेडफोन कानाला लावला. शिट्टी, नुसती शिट्टी. दारातून हात केला. पेटी बंद झाली. शिट्टी गेली आणि तळाशी तो रातकिडा पुन्हा, बारीक, न थकता. हंबीररावानं हे तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा गेला तेव्हा बनुबाईंनी त्याला काठी दाखवली.

तो परत येऊन फळीवर बसला. "वरच्यानं पाट बंद केल्याबिगर आपल्या बांधावर पानी पोचत न्हाई, तसं हाय हे," तो स्वतःशीच म्हणाला. मग नाथाजीकडं न बघता, "किती लांब हाय म्हनालास?"

नाथाजीनं सांगितलं. हंबीररावानं मान हलवली. एवढ्या लांबून जो माणूस रोज येऊन तुझी वाट बघत बसतो, त्याला तोंडघशी पाडून तुला गावी न्यायचं म्हणजे आपल्या घराची अब्रू जाईल, एवढं बोलून तो उठला. जाताना गुळाची एक ढेप काढली, ती मात्र दुकानात ठेवली नाही. समोर, बनुबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवली. राहीबाईनं पातेली परत फळीवर चढवली. चढवता चढवता म्हणाली, ती काढायला आणि चढवायला मीच का, एवढंच.

बनुबाई तो हिवाळाभर सांगलीतच राहिल्या, आणि विलूभाऊशी दिवेलागणीचं बोलणंही चालूच राहिलं. आता पंचाईत निराळी झाली. म्हातारी आहे तोवर दिवेलागणीला चंद्राबाईला गाणी मिळतात आणि पेटी गप राहते. म्हातारी गेली, की दहा-बारा दिवसांची शांतता, आणि मग शिट्टी कायमची. नाथाजीनं हा हिशेब कुणाला सांगितला नाही, पण तो सकाळी अडत उघडायच्या आत समोर उभा राहू लागला. रात्री झोप लागली का? थंडी लय पडलीय, घोंगडं पुरतंय न्हवं? काढा देऊ का पाठवून?

आप्पासो तेव्हा त्याच्याकडं बघत, सावकाश पानाला चुना लावत आणि म्हणत, "हाय जित्ती. तुझ्याच नशिबानं."

आणि नाथाजी, देवाशपथ सांगतो, हात जोडून म्हणे, "ऱ्हाऊ द्या आप्पासो, शंभर वर्षं ऱ्हाऊ द्या."